तिसरी तक्रार

चौकशीबाईंचा कोणावरही विश्वास नव्हता, आणि त्याचाच त्यांना पगार मिळत होता. कानाच्या यंत्रांच्या दुकानात काचेचं दार ढकलून आत आलं की समोर त्यांचं टेबल, टेबलावर 'चौकशी' अशी पाटी, आणि पाटीमागे चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून बसलेल्या बाई. एकोणीस वर्षांत त्यांचं खरं नाव सगळे विसरून गेले होते. दुकानातल्या मुली पाठीमागे त्यांना चौकशीबाई म्हणत आणि बाईंना ते ठाऊक होतं. आपल्या पाठीमागे काय चालतं हे ज्यांना ठाऊक नसतं, त्यांतल्या त्या नव्हत्या.

काम म्हणाल तर साधं होतं. बिघडलेलं यंत्र घ्यायचं, पहिली तपासणी करायची आणि दोष यंत्राचा की गिऱ्हाइकाचा ते ठरवायचं. यंत्र पाण्यात पडलेलं असलं की लोक 'आपोआप बंद पडलं' म्हणतात. कुत्र्याने चावलेलं असलं की 'पहिल्यापासून असंच होतं' म्हणतात. बाई यंत्र भिंगाखाली धरत, हुंगून बघत आणि मग समोरच्याकडे अशा काही बघत, की निम्मे लोक तिथल्या तिथे खरं काय ते ओकून मोकळे होत. फसल्या त्या एकदाच. कडेवर मूल घेऊन आलेली एक बाई डोळ्यांत पाणी आणून नवं यंत्र घेऊन गेली, आणि जुनं उघडलं तर आत साबणाचं पाणी. साहेबांनी लेखी समज दिली. तो कागद बाईंनी टेबलाच्या वरच्याच खणात ठेवला होता, रोज दिसावा म्हणून.

तेव्हापासून लहान मुलांच्या बाबतीत त्या जरा जास्तच सावध झाल्या. लेकरू पुढे आलं की मागे कोणीतरी मोठं दडून बसलेलं असणार, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मध्ये एक चार वर्षांचा मुलगा आजीबरोबर आला होता. या यंत्राने मुंगी चालल्याचा आवाज येतो का, असं त्याने विचारलं. दुकानातल्या मुली खुदखुदल्या. बाईंनी मात्र त्याला विचारलं, हे विचारायला तुला कोणी सांगितलं.

आणि अशात बुधवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी ती दप्तरवाली आली.

नऊएक वर्षांची असेल. दप्तर एवढं मोठं की आधी दप्तर आत आलं आणि मग मुलगी आली असं वाटावं. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर ती चढून बसली, गोळ्यांची एक पत्र्याची डबी टेबलावर ठेवली आणि तिच्याशेजारी वहीच्या पानाची एक घडी. डबीत कापसात गुंडाळलेलं यंत्र होतं. घडी बाईंनी उलगडली. शाळेत शिकवतात तसं, समास सोडून, ओळी आखून पत्र लिहिलेलं होतं.

'विषय : कानाचे यंत्र दुरुस्त करण्याबाबत. महोदय, माझे यंत्र बिघडले आहे. तरी ते त्वरित दुरुस्त करून द्यावे ही नम्र विनंती. आपला आज्ञाधारक, आजोबा.'

बाईंनी पत्र वाचलं, मुलीच्या बोटांवरची शाई पाहिली आणि चष्मा आणखी खाली सरकवला. घरचं मोठं माणूस का नाही आलं? आई-बाबा कामावर असतात, सहाला येतात. मग आजोबा का नाही आले? त्यांना बाहेरचं ऐकू येत नाही ना, मग रस्ता कसा ओलांडणार. यंत्र तुझ्याकडे कसं? सकाळी डबीसकट उचलून दप्तरात ठेवलं, शाळा समोरच आहे. मुलगी एकेका प्रश्नाचं उत्तर अशी देत होती, जणू घरून पाठ करून आली होती. बाईंनी मनात तीही नोंद केली.

मग त्यांनी यंत्र जोडून तपासलं. आवाज स्वच्छ, सेल भरलेला, कुठे ओरखडासुद्धा नाही. फक्त मागच्या बाजूला नखाला लावतात त्या रंगाचा एक लाल ठिपका होता. तो काय म्हणून विचारलं, तर मुलगी म्हणाली, तुम्ही मला दुसरंच यंत्र दिलंत तर कळायला हवं ना. बाई क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. एवढी खबरदारी घेणारं गिऱ्हाईक एकोणीस वर्षांत त्यांच्या पाहण्यात आलं नव्हतं.

"यंत्र ठीक आहे," त्या म्हणाल्या.

"नाहीये. आजोबांना ऐकू येत नाही."

"तुझं बोलणं ऐकू येतं?"

"माझं येतं."

"मग?"

"माझंच येतं. आई-बाबांचं नाही येत."

माणूस बघून चालणारं यंत्र अजून निघायचं होतं. बाईंना तिथेच वास आला. हमीच्या दोन वर्षांत एकाच तक्रारीसाठी यंत्र तीनदा आलं, तर कंपनी चौथ्यांदा बोलवत नसे, नवं यंत्रच देई. हा नियम म्हणजे लबाडांना घरी जाऊन दिलेलं आमंत्रण आहे, असं बाईंचं स्पष्ट मत होतं. ही पहिली तक्रार. आता दोन बाकी.

तेवढ्यात मुलीने शेवटचा बाण काढला. यंत्र नीट झालं नाही, तर आजोबांना महिनाअखेरीस मोठ्या काकाकडे पाठवणार आहेत, कायमचं. आई एकदा दुपारी लवकर घरी आली, किल्ली विसरली होती, आणि अर्धा तास जिन्यात उभी राहून दार वाजवत होती. आजोबा आतच होते. तेव्हापासून आई म्हणते, अशा माणसाच्या भरवशावर मुलीला घरात ठेवायचं कसं. काकाकडे दिवसभर कोणी ना कोणी असतं. हे सगळं तिने एका दमात सांगितलं आणि मग बुटाच्या टोकाकडे बघत बसली.

बाईंच्या आत कुठेतरी काहीतरी हललं, नाही असं नाही. पण त्यांनी वरचा खण थोडा उघडला, समजेच्या कागदावर नजर टाकली आणि खण लावून घेतला. रजिस्टरमध्ये लिहिलं : तक्रार पहिली, दोष आढळला नाही. मुलीने यंत्र घेतलं, लाल ठिपका पाहून घेतला, पावती मागितली आणि ती वाचून मगच घडी घातली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नोंदीतल्या घरच्या फोनवर सकाळी दहाला फोन लावला. वाजवाज वाजला, कोणी उचलला नाही. घरात ऐकू न येणारा म्हातारा असेल तर उचलणार कोण, हे त्यांना कळत होतं. पण मुद्दाम न उचललेला फोनही असाच वाजतो, हेही त्यांना कळत होतं.

पुढच्या बुधवारी, तीन दहाला, दप्तरवाली हजर. पत्र नवं होतं, 'पुन्हा एकदा' एवढे शब्द वाढले होते, आणि खाली 'आजोबा'ऐवजी सही होती. सही इतकी थरथरती, की आगगाडीत बसून केल्यासारखी. बाईंनी कागद उजेडाकडे धरला. आधी पेन्सिलीने काढून मग शाईने गिरवलेलं साफ दिसत होतं.

"ही सही कोणी केली?"

मुलीने शाईची बोटं दप्तराखाली लपवली.

"म्हाताऱ्या माणसांची सही थरथरते," शेवटी ती म्हणाली. "म्हणून तशी केली."

"म्हणजे आजोबांना यातलं काही माहीत नाही."

"त्यांना सांगू नका तुम्ही. काहीच सांगू नका." आणि एवढा वेळ कोरडा असलेला तिचा आवाज पहिल्यांदा ओला झाला.

झालं. ज्याचं यंत्र त्यालाच पत्ता नाही आणि सह्या होताहेत, म्हणजे यात नक्कीच पाणी मुरत होतं. मुलीला पुढे करून आई-बाप नव्या यंत्राची सोय लावताहेत, अशी बाईंची खात्री झाली. म्हातारा बहुधा यंत्र लावतही नसेल. ते तर सिद्धच करता येणार होतं. त्या यंत्रात एक सोय होती, रोज किती तास चालू राहिलं ते ते स्वतःच मोजून ठेवी. सहसा ती बंद असते. बाईंनी मुलीच्या देखत, पण तिला काही न सांगता ती चालू केली. रजिस्टरमध्ये दुसरी तक्रार लिहिली आणि बजावलं, की तिसऱ्या वेळी यंत्र वापरणारं माणूस समोर हवं, नाहीतर तक्रार घेणार नाही. मुलीने बराच विचार केला. मग विचारलं, साधी तपासणी आहे असं आजोबांना सांगितलं तर चालेल का. बाई म्हणाल्या, काय सांगायचं ते तुझं तू बघ.

तिसऱ्या बुधवारी दप्तर आजोबांच्या खांद्यावर होतं. उंच, वाकलेले, इस्त्रीचा सदरा, बोटांच्या पेरांतून कधीच न गेलेली शाई. उभं आयुष्य छापखान्यात गेलं, तिथल्या धडधडीने कान घेतले, असं त्यांनी आपणहून सांगितलं. हात बाईंनी मुद्दाम पाहिले. एका जागी ठेवलेल्या वस्तूसारखे स्थिर होते.

बाईंनी यंत्र मागून घेतलं, जोडलं आणि पडद्यावर आकडे आले. गुरुवार, अडीच तास. शुक्रवार, अडीच. शनिवारी शाळा अर्धा दिवस, तेव्हा पाच. रविवारी शून्य. सोमवार, मंगळवार पुन्हा अडीच अडीच. बाईंना सगळीकडे शून्य हवं होतं. हे काय प्रकरण आहे त्यांना कळेना. मग त्यांनी मुलीला, अगदी सहज विचारल्यासारखं, विचारलं की तू घरी किती वाजता पोचतेस.

"साडेतीनला."

"आणि आई-बाबा सहाला."

"हो. रविवारी सगळे घरीच असतात."

बाईंनी चष्मा काढून पुसला. चुकीच्या माणसावर संशय घेतला होता तर. मुलगी खोटं बोलत नव्हती, आई-बापही नाही. ताकास तूर लागू न देता सगळ्या घराला फसवत होते ते हे समोर बसलेले, इस्त्रीच्या सदऱ्यातले गृहस्थ. मुलगी आली की यंत्र चालू, मुलगा-सून आले की बंद. बाईंना असा काही राग आला, की त्यांनी मुलीला कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या मोठ्या कानाकडे पाठवलं. त्याचे भाग सुटे होत आणि पुन्हा जोडता येत. ते सगळे जोडून दाखव, म्हणाल्या, मग बघू.

यंत्र त्यांनी आजोबांच्या कानात बसवलं आणि सांगितलं, "आजोबा, यंत्राला काही झालेलं नाही. ते तुम्ही बंद करता."

"काय म्हणालात?" आजोबांनी कानाला हात लावला.

सवयीचं होतं ते, लगेच कळलं. अशांना कसं पकडायचं ते बाईंना चांगलं माहीत होतं. त्यांनी पाठ वळवली, मागच्या कपाटात काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि अगदी हळू, स्वतःशी पुटपुटल्यासारखं म्हणाल्या, "मोठ्या मुलाकडे जायची तयारी झाली का?"

बाई वळल्या. पकडल्याचा आनंद व्हायला हवा होता आणि तो त्या घेणारच होत्या. पण आजोबांच्या चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलं होतं.

"कोण जातंय?" त्यांनी विचारलं. "कोण म्हणालं?"

त्यांना माहीतच नव्हतं. हे एक त्यांच्या संशयाच्या यादीत कुठेच नव्हतं. घरात रोज रात्री जेवताना बोललं जात असणार, त्यांच्या समोर, त्यांच्या ताटाशेजारी. आणि ते आपले जेवत असणार.

आजोबांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. मग त्यांनी जे सांगितलं ते थोडकंच होतं. ऐकू येत होतं तेव्हा ते मध्ये बोलायचे. ते बोलले की सून गप्प व्हायची, मुलगा गप्प व्हायचा, आणि आत जाऊन दोघं भांडायची. एक दिवस सेल संपला होता, काहीच ऐकू आलं नाही, आणि त्या संध्याकाळी घरात शांतता होती. तेव्हापासून ते सहाच्या आधी बटण दाबू लागले. एकटे असले की सेल वाचावा म्हणून बंद. मुलगी आली की चालू, कारण ती शाळेतलं सगळं सांगते आणि त्यातलं एक अक्षर चुकवायचं नसतं.

"सून अर्धा तास जिन्यात उभी होती," बाई म्हणाल्या.

"मला कोणी सांगितलंच नाही."

"सांगितलं असेल, आजोबा."

बाईंनी फाइल उघडून ती दोन्ही पत्रं त्यांच्यापुढे सरकवली. आयुष्यभर दुसऱ्यांची अक्षरं जुळवलेला माणूस तो, एकेक ओळ बोट ठेवून वाचली. 'आपला आज्ञाधारक, आजोबा' या ओळीवर बोट थांबलं. थरथरत्या सहीवर ते आणखी थोडा वेळ थांबलं. कोपऱ्यात नात प्लास्टिकच्या कानाचा पडदा उलटा बसवत होती आणि बसत नाही म्हणून कानालाच रागवत होती. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि खिशातून रुमाल काढला. बाईंनी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. त्यांनाही काही कमी भरून आलं नव्हतं, पण ते दाखवायची त्यांची रीत नव्हती.

आता प्रश्न राहिला कागदाचा. तिसऱ्या तक्रारीचा अहवाल यंत्र विकत घेणाऱ्याच्या, म्हणजे मुलाच्या नावे घरी जातो. 'दोष नाही' लिहिलं तर म्हाताऱ्याने नाटक केलं हे सगळ्या घराला कळणार, आणि मग काकाचं घर महिनाअखेरपर्यंतही थांबणार नाही. 'यंत्रात दोष' लिहिलं तर नवं यंत्र जाईल, घरात आनंदीआनंद होईल, पण ते धडधडीत खोटं. वरच्या खणात त्या कागदाला जोडीदार मिळाला असता.

"खरं काय ते लिहा," आजोबा म्हणाले. "माझंच चुकलं."

बाईंनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं. पुन्हा एकदा यंत्र हातात घेऊन त्यांनी ते उलटसुलट पाहिलं. मग विचारलं, "हे बटण मी निकामी करू शकते. सेल आहे तोवर यंत्र चालू राहील. बंद करायचं तर कानातून काढावं लागेल, सगळ्यांच्या देखत. करू?"

सहाच्या पुढचं सगळं आता ऐकावं लागणार होतं. भांडणंसुद्धा. स्वतःविषयीचंसुद्धा. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं.

"करा," ते म्हणाले.

पाच मिनिटांचं काम होतं. बाईंनी अहवाल लिहिला : तक्रारीचे मूळ बटणात होते, बटण निकामी केले, नवीन यंत्राची गरज नाही. एकोणीस वर्षांत लिहिलेला हा त्यांचा सगळ्यात लहान अहवाल, आणि त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. मुलीने तो वाचला, यंत्रावरचा लाल ठिपका तपासला, आणि मग बाईंकडे संशयाने बघत म्हणाली, मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, बिघडलंय म्हणून. बाई म्हणाल्या, हो, चुकलं माझं. दुकानातल्या मुलींनी माना वर केल्या. हे वाक्य त्या टेबलावरून त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी तीन दहाला दार ढकललं गेलं आणि बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. परत तक्रार? आजोबांनी सेलच काढून ठेवला की काय? की यंत्र फेकून दिलं? दप्तरवाली खुर्चीवर चढून बसली आणि तिने डबी पुढे केली. बाईंनी काही न बोलता यंत्र जोडलं. गुरुवार, चौदा तास. शुक्रवार, चौदा. रविवार, पंधरा.

मग मुलीने सगळं सांगितलं. शुक्रवारी जेवताना बाबा काकाकडे जायच्या तिकिटाचं बोलत होते, तेव्हा आजोबा म्हणाले, मला ऐकू येतंय, आता मलाच सांग. बाबांचा हात तसाच ताटात राहिला. मग बटण कोण बंद करायचं तेही आजोबांनीच सांगून टाकलं. आई खूप चिडली, मग रडली. आजोबा तिला म्हणाले, जिन्यात उभं राहावं लागलं, चुकलं माझं. आता ते दाराची बेल वाजायच्या आधीच दार उघडतात, आणि आई म्हणते, आता जरा जास्तच ऐकू यायला लागलंय.

"आणि काकाकडे?" बाईंनी विचारलं. आवाज शक्य तेवढा कोरडा ठेवला.

"आई म्हणाली, मग बघू." मुलगी पाय हलवत होती. "माझ्या सायकलचं पण ती दोन वर्षं मग बघू म्हणतेय. म्हणजे नाहीच."

उठता उठता तिला आठवलं. तिने दप्तरातून एक घडी काढून टेबलावर ठेवली, यंत्र उचललं, आजोबा बाहेर ऐकू न येता उभे आहेत म्हणाली आणि पळाली. काचेच्या दाराबाहेर तिने यंत्र त्यांच्या कानात बसवलं आणि ते दोघं रस्त्याच्या कडेने निघाले. तिचं तोंड चालू होतं आणि आजोबांची मान तिच्याकडे वाकलेली होती.

बाईंनी घडी उलगडली. अक्षर छापल्यासारखं, समास सरळ.

'विषय : यंत्राबाबत कोणतीही तक्रार नसल्याबाबत. आपला आज्ञाधारक, आजोबा.'

तक्रार नसल्याचं रजिस्टर दुकानात नव्हतं, कधी लागलंच नव्हतं. बाईंनी सवयीने कागद उजेडाकडे धरला. खाली पेन्सिल नव्हती. सही ठाम होती, कुठेही न थरथरलेली, आणि खरी. त्यांनी वरचा खण उघडला आणि ते पत्र साहेबांच्या कागदाच्या वर ठेवलं, रोज दिसावं म्हणून.